जेटच्या दाराला खटका

आमच्या कुरुंद्यात चाकं न उघडता विमान आजवर एकदाच उतरलं. चाकं का उघडली नाहीत, या प्रश्नाचं उत्तर मी आहे.

विमान तसं लहान होतं. लांबीला चार फूट, आत माणूस नाही, आणि उडवणारा खाली उभा राहून हातातल्या पेटीवरच्या कांड्या हलवायचा. (गुन्हा हलका वाटावा म्हणून हे सांगत नाही. लहान विमानाची वाट लावायलासुद्धा अक्कल लागतेच.)

आणीबाणी नुकतीच उठली होती आणि हळद काढणीचे दिवस होते. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, पाहायला मुलगा आला होता. अशोक त्याचं नाव. हवाई दलात फिटर. त्याची मावशी आमच्याच गल्लीत राहायची, म्हणून सुट्टीतले आठ दिवस तो तिच्याकडेच मुक्कामाला होता. जयभीम झाला, चहापोहे झाले, शिक्षण विचारल्यावर सुमननं खाली मान घालून "मॅट्रिक" एवढंच उत्तर दिलं. जाताना पाहुणा म्हणाला, "रविवारी सांगतो."

त्या 'रविवारी सांगतो'नं माझी अन्नावरची वासना उडाली. वडील नव्हते. घरात कर्ता मी, हायस्कुलात गणित शिकवणारा. याआधी दोन ठिकाणांहून नकार आले होते आणि दुसऱ्या नकारानंतर सुमन दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती. माय मला म्हणाली, "पोरगं सरळ हाय. हातचं जाऊ देऊ नको." आता एवढं सांगितल्यावर मी स्वस्थ बसणार का? बसलो असतो तर फार बरं झालं असतं!

गुरुवारी पाहुण्यानं मावशीच्या अंगणात ट्रंक उघडली आणि त्यातून जेट बाहेर काढलं. चंदेरी रंग, मागे वळलेले पंख, नाकावर पंखा. (खऱ्या जेटला पंखा नसतो हे मी लगेच दाखवून दिलं. पाहुणा म्हणाला, "असू द्या." तेव्हाच मी गप्प बसायला शिकायला हवं होतं.) दोन वर्षं खपून त्यानं ते स्वतः बांधलं होतं. सुट्टी संपली की त्यांच्या तळावर अशा विमानांची स्पर्धा होती. बराकीत कोणी हात लावेल म्हणून तो ते थेट कुरुंद्यात घेऊन आला होता. बिचारा सुरक्षित जागा शोधत होता!

गायरानावर विमान उडालं. वर गेल्यावर त्याची तिन्ही चाकं कोंबडीनं पाय पोटाशी घ्यावेत तशी आत गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाहुण्याचा चेहरा मात्र पडलेलाच.

"काहून हो पाहुणे, झ्याक तर उडून राहिलं," मी म्हणालो.

"शीळ ऐकू येती का?"

ऐकू येत होती. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी.

"चाकं आत जातात, पण त्याची भोकं उघडीच राहतात. हवा तिथं घुसती आन् विमानाला मागं ओढती. भोकांवर दारं पाहिजेत. चाक आत गेलं की दार बंद, चाक बाहेर आलं की दार उघडं. वेळच भेटला न्हाई मला."

"हात्तिच्या!" मी म्हणालो. "दारंच ना? उद्या संध्याकाळी बसवून देतो."

गणिताच्या मास्तरानं हे बोलायचं काही कारण नव्हतं. पण डोळ्यांसमोर रविवार होता.

गावात पत्र्याचं काम करीमचाचा करायचे. चिमण्या, कंदील, तेलाचे डबे, सगळं त्यांच्या हातचं. शुक्रवारी पाहुण्याकडून विमान मागून आणलं, चाचांना आमच्या ओसरीवर बसवलं आणि हलका पत्रा हवा म्हणून मी माझी जुनी कंपासपेटी दिली. चाचांनी त्यातून तीन नाजूक दारं कापली, टाचणीच्या बिजागऱ्या केल्या. पाहुण्यानं सांगितल्याप्रमाणे योजना सोपी होती. वर जाणारा चाकाचा दांडा दोऱ्यानं दार ओढून घ्यायचा, आणि खाली येताना तोच दांडा दार ढकलून द्यायचा. काम बराबर झालं. इथं मी थांबलो असतो तर ही आठवण झालीच नसती.

पण मी दारावर फुंकर मारली. दार थरथरलं.

"चाचा, हे वाऱ्यानं उघडंल."

"नै उघडता मास्टर. धागा है ना."

"धाग्याचा काय भरोसा? कडीबिगर दार असतंय का कुठं?"

चाचा विचारात पडले. आमच्या भागात हा प्रश्न कोणालाही विचारा, तो विचारात पडणारच. कडी नसलेल्या दारातून शेळी घुसते, कुत्रं घुसतं, शेजारची कोंबडी येऊन कणगीवर बसते. दार झालं की कडी आलीच. चाचा म्हणाले, "वो भी सही है." मग कंपासपेटीच्या झाकणाला असतो तसला टकदिशी बसणारा खटका मी स्वतः, माझ्या हातानं, तिन्ही दारांना बसवला. बोटानं दाबलं, टक्! नखानं ओढलं, उघडलं. दाबलं, टक्! उघडलं. मी स्वतःवर फार खूश झालो.

सुमन चहा घेऊन आली होती. वाकून बघत म्हणाली, "दादा, वर गेल्यावर हे उघडणार कोण?"

"चाकाचा दांडा ढकलंल की."

"दांडा दार ढकलंल. पन खटका कोण काढंल? तुझं नख हाय का वर?"

"सुमे, तू मॅट्रिक, मी बीएस्सी. चहा ठेव अन् जा."

चहा ठेवून ती गेली. चहा चांगला झाला होता.

शनिवारी सकाळी गाव गायरानावर लोटलं. गावातली वीज जाऊन दोन दिवस झाले तरी आली नव्हती, त्यामुळे विमानातली बॅटरी पुन्हा भरता येत नव्हती. चाकांची मोटर जमिनीवर चालवून बघण्यात ती संपवायची नाही असं ठरलं. पाहुण्यानं विचारलं, "उघडझाप करून पाहिली ना, मास्तर?"

"शंभरदा!" मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं. नख माझंच होतं.

विमान सुटलं. चाकं आत गेली. दारं बंद झाली. शीळ थांबली! आणि मग ते जे पळालं... गुरुवारचं विमान ते हे नव्हेच. गायरानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईतो माना वळवायला वेळ मिळेना. पाहुणा चक्क हसला. "मास्तर, काय वेग आलाय!" मी माझ्या मायकडे पाहिलं. मायनं डोळ्यांनीच शाबासकी दिली. माझ्या मनात तर मांडवसुद्धा पडला.

पाहुण्यानं उतरवण्यासाठी विमान खाली आणलं आणि चाकांची कांडी ओढली. विमान डोक्यावरून गेलं. पोट गुळगुळीत. कांडी पुन्हा ओढली. पोट गुळगुळीतच.

"दारं उघडून न्हाई राहिली," पाहुणा म्हणाला. आवाज शांत होता, पण कपाळावर घाम.

"हलवा जरा," मी सुचवलं. "आमच्या न्हाणीचं दार अडकलं की आमी हलवतो."

त्यानं विमान आडवं केलं, उलटं केलं, गोल फिरवलं. खटके मजबूत होते. (कंपासपेटी सात वर्षं वापरलेली, पण एकदाही आपोआप उघडली नव्हती.) टाकीत दहा मिनिटांचं तेल होतं, त्यातली सात संपली होती. गायरान म्हणजे खडी आणि मुरूम. त्यावर पोट टेकलं असतं तर दोन वर्षांची मेहनत भुगा झाली असती. आणि आमचा रविवारही. लोक सल्ले देऊ लागले. कोणी म्हणालं चादर धरा, कोणी म्हणालं तळ्यात टाका. करीमचाचा म्हणाले, "नीचे आया तो मैं पकडता," आणि खरोखर बाह्या सरसावून पळायला लागले. माझ्या तोंडाला खटका बसला होता.

तेवढ्यात सुमन पुढे आली. ज्या मुलाशी ती चहापोह्याच्या दिवशी एक शब्द बोलली होती, त्याच्यावर ती ओरडली, "पाल्यावर उतरवा! त्या हळदीच्या पाल्यावर!"

गायरानाच्या कडेला हळद शिजवायची मोठी काहील पेटलेली होती आणि तिच्या पलीकडे कापलेल्या पाल्याचा घरभर पसरेल एवढा मऊ थर. पाहुण्यानं एकदा पाल्याकडे बघितलं, एकदा काहिलीकडे. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. विमान आवाज न करता काहिलीच्या वाफेतून आलं, उकळत्या हळदीवरून हातभर उंचीनं निसटलं आणि सळसळत पाल्यात घुसून थांबलं.

पंखा मोडला होता. तसले दोन त्याच्या ट्रंकेत होते. बाकी विमानाला ओरखडाही नाही.

पाहुण्यानं विमान उलटं करून पोट बघितलं. नखानं एक दार उघडलं. टक्.

"हे खटके कोणी बसवले?"

मी करीमचाचांकडे पाहिलं. (लाज वाटते, पण पाहिलं.) चाचा आकाशाकडे बघू लागले.

"दादानं," सुमन म्हणाली. "मी इचारलं होतं, वर गेल्यावर उघडणार कोण म्हनून."

"मग?"

"मग चहा ठेव म्हनला."

त्या संध्याकाळी सुमन चुलीपाशी पाठ करून बसली होती, आणि ती पाठ बघून मला खरंच फार वाईट वाटलं. तिसऱ्या नकाराला नाव माझं लागणार होतं.

रविवारी सकाळी मावशी दारात आली. हातात साखर!

मागोमाग पाहुणाही आला. मी सावरलो, आवाजात थोडी ऐट आणली आणि म्हणालो, "शेवटी दारांनी काम केलं म्हणायचं! वेग तर वाढलाच होता की हो?"

"वेग बराबर वाढला," तो सरळपणे म्हणाला. "पण होकार त्याच्यासाठी न्हाई, मास्तर. वर जायच्या आधी खाली कसं येणार हे इचारणारं माणूस लय कमी असतंय. आमच्या नोकरीत त्याची किंमत कळती. तुमच्या घरात तसं एक हाय. तेवढं मी घेऊन चाललो."

आता निदान माय तरी लेकाची बाजू घेईल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. मायनं साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि समाधानानं म्हणाली, "न्या बाबा. दुसरं हाय, ते आमी कसंबी निभावून नेऊ."