पहिल्या ओळीतलं नाव

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा गृहस्थ आपल्या प्रत्येक वस्तूवर मार्करनं नाव लिहितो. कप, चार्जर, खुर्चीची पाठ, शेवेची बरणीसुद्धा. कुणी चुकून त्याच्या कपात चहा घेतला, तर सगळ्यांदेखत विचारतो, "क्यों भिया, नाव वाचता येत नाही का?"

आमची वेबसाइट साध्या फोनवर फार हळू उघडायची. माहिती बायनरीत, म्हणजे शून्य-एकच्या भाषेत, दाबून छोटी करून पाठवणारी आणि ब्राउझरमध्ये पुन्हा उलगडणारी एक लायब्ररी, म्हणजे आयता कोड, कुणा अनोळखी माणसानं लिहून इंटरनेटवर फुकट ठेवली होती. अट एकच, कोडच्या पहिल्या ओळीतलं त्याचं नाव राहू द्यायचं. यानं लायब्ररी आमच्या साइटला जोडली आणि नेमकी ती ओळ पुसली. फुकट देणाऱ्यानं एवढंच मागितलं होतं, तेही याला देववलं नाही!

"अरे, त्याचं नाव तरी राहू दे," मी म्हणालो.

"ब्राउझर थोडीच नाव वाचतो, भिया? काम चाललं ना, बस!"

मीटिंगमध्ये साइट झटकन उघडलेली पाहून साहेबांनी विचारलं, "ये किसने बनाया?"

"मैंने, सर."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या हातांची मला अजून लाज वाटते. त्याच हातांनी हे लिहितोय, आणि यात या गृहस्थाचं नाव कुठेही लिहिणार नाही.