गादीतला उंट

शिरपूर जैनच्या बसस्टॉपजवळ इस्माईलभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायची मशीन सुरू झाली की दुकानात ढग शिरल्यासारखं वाटतं आणि त्या ढगातून इस्माईलभाईंच्या पांढऱ्या भुवया तेवढ्या तरंगत येतात. शेवटचा टाका घालून झाला की ते गादीवरून हात फिरवतात आणि तिच्यावर कोणतं स्वप्न पडेल ते गिऱ्हाइकाला सांगतात. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. "डाव्या कुशीवर झोपसान त पोहरादेवीची जत्रा दिसन. उजवीकडं नदी हाये, पाय वर घेऊन झोपा." चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नाही. नवखं गिऱ्हाईक बिचकतं. जुनं गिऱ्हाईक उजवीकडं बायकोला झोपवतं.

लेक उजमा वाशिमला कॉलेजात इंग्रजी शिकते. लोक अब्बांना विक्षिप्त म्हणतात, ते तिला टोचायचं. इंग्रजीत म्हणे यासाठी डबाभर शब्द आहेत. एका दुपारी खोळ शिवता शिवता तिनं ते अब्बांना समजावले. चेहरा न हलवता हसवतो तो ड्रोल. ओठाचा एक कोपरा कडू करून बोलतो तो राय. टोपी उलटी घालून उड्या मारतो तो झेनी. आणि ज्याचं मन रुईच्या तंतूसारखं वाटेल तिथं जाऊन बसतं, तो व्हिम्सिकल.

"मंग मी कोनता?"

"मनानं व्हिम्सिकल. तोंडानं ड्रोल."

इस्माईलभाई हरखले. थोडी सरकी राहून गेलेली एक गादी त्यांनी 'राय' म्हणून बाजूला ठेवली.

पण रविवारी किन्हीराजाहून उजमाला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा फुरकान उजमाच्याच वर्गातला, तिला मनापासून आवडलेला. आधीची एक सोयरीक मुलीचा बाप डोक्यानं हलका म्हणून मोडली होती. तिनं हळूच सांगितलं, "अब्बा, त्या दिवशी सपनं नका सांगू."

इस्माईलभाईंनी मान डोलावली.

रविवारी त्यांनी नवी गादी अंथरली, सोयाबीनच्या भावावर दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले. फुरकानचे वडील अशफाकभाई त्यांच्याहून गप्प. जेवण झालं आणि ते तिथंच गादीवर कलंडून झोपी गेले. पंख्याखाली रुईचा एक तंतू उतरायला जागा शोधत फिरत होता. पडद्याआड उजमा कान लावून उभी.

बऱ्याच वेळानं अशफाकभाई उठून बसले. जांभई नाही, हसू नाही.

"गादी चांगली हाये," ते म्हणाले, "पन हिच्यात उंट हाये. मालेगावच्या एसटीत बसला, आन माही खिडकी घेतली त्यानं."

फुरकाननं कपाळाला हात लावला. घरून निघताना त्यानंही बापाला काही बजावलं असावं.

इस्माईलभाईंच्या भुवया वर चढल्या. पण ते पाणी प्यायला जाऊ का विचारणाऱ्या पोरासारखे पडद्याकडं बघत राहिले.

"सांगा, अब्बा," पडदा म्हणाला.

"उशी उलटी करा. उतरून जाईन तो."

अशफाकभाईंनी विश्वासानं उशी उलटी केली, परत आडवे झाले आणि डोळे मिटून खिडकीच्या बाजूला सरकले.

"हां, आता कसं. निकाहाची तारीख मी गाडीतून उतरलो का मंग ठरवू."