तिच्या नावाची मूठ

आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर एक मैदान होतं. होतं म्हणते, पण ते अजून तिथंच आहे, फक्त आपल्यासाठी नाही. राज्यात मोठे आंतरराष्ट्रीय खेळ भरायचेत, देशोदेशीचे खेळाडू येणार, त्यातलं काहीतरी आपल्या सुरतेच्याही पदरात पडावं म्हणून शहर नटायला लागलं. एका सकाळी आमच्या नवागाम वस्तीतल्या पोरी पळायला गेल्या तर मैदानाला चारी बाजूंनी पत्रे. पत्र्यांवर पळणाऱ्या मुलींची रंगीत चित्रं. आत एक रोलर, वाळूचा ढीग, एक खाट आणि खाटेवर वॉचमन. मी विचारलं, भाऊ, पोरींनी पळायचं कुठं? तो म्हणाला, "बेन, गेम्स के लिए बंद है." खेळांसाठी खेळ बंद. पुढं दीड वर्षात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की स्वयंपाक करताना आठवलं तरी माझ्या हातून मीठ जास्त पडायचं.

माझी मुलगी चारशे मीटर पळते. हे तिनं कुठून घेतलं देव जाणे. आमच्याकडं धुळ्याहून आलेली माणसं, पळाली तर पांडेसऱ्याच्या मिलची पाळी चुकू नये म्हणून पळतात. तिचे पप्पा तिथंच कापड रंगवायच्या खात्यात आहेत. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. पण ही पोर सहावीत असताना शाळेच्या शर्यतीत अशी सुटली की शाळेतले सर घरी आले आणि म्हणाले, हिला थांबवू नका. थांबवणारे आम्ही कोण? आम्हाला ती सापडतच नव्हती.

मैदान गेल्यावर ती रस्त्यावर पळायला लागली. रस्त्यावर कुत्री, गाठोडी लादलेले टेम्पो, आणि पानाच्या गादीवर उभे राहून बघणारे पुरुष. कुत्र्यांचं एक वेळ चालतं. शेवटी मी दर रविवारी तिला चलथाणला न्यायला लागले. माझा भाऊ तिथं साखर कारखान्यात आहे, त्याच्या घरामागून उसातून एक कच्चा रस्ता जातो. ती पळायची आणि मी बांधावर बसून मोबाइलवर वेळ धरायची. दर वेळी भांडण. "मम्मी, तू बटण उशिरा दाबलंस." मी म्हणायची, तू आलीस ते मला दिसलं तर पाहिजे. शहर खेळांसाठी कोट चढवत होतं आणि माझी पोर उसाच्या पाचोळ्यात पाय मुरगाळून घेत होती.

मग निवड चाचणीची बातमी आली. अठराच्या आतल्या मुलामुलींतून काही जणांना राज्याच्या शिबिरात घेणार. राहणं, खाणं, शिकवणारे, खरा ट्रॅक. ती सतराची होती, म्हणजे पुढच्या वर्षी दार बंद. आणि तिकडं गावी सासूबाईंनी नंदुरबारकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा कंपनीत, घर स्वतःचं, अजून काय हवं. तिचे पप्पा या स्थळाला हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. ते आयुष्यात कशालाच नाही म्हणत नाहीत, हाच तर माझा जन्माचा वैताग आहे. मला ठाऊक होतं, ही चाचणी हुकली की बारावीनंतर पोर पाटावर बसणार.

चाचणीची तारीख बघितली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. कानबाईचा रविवार.

कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणातल्या एका रविवारी ती घरी बसते. आमच्या भाऊबंदांत ती दर वर्षी एकेका घरी, आणि त्या वर्षी नेमकी आमच्या दोन खोल्यांत. तिच्या जेवणाला रोट म्हणतात. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ गहू काढायचे, पाळण्यातल्या बाळाचीसुद्धा मूठ. त्या दळणाचं जेवण भाऊबंदांनीच संपवायचं, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. आणि आमच्या घराण्यात आणखी एक खोडा आहे. ज्याच्या ज्याच्या नावाची मूठ आहे ते सगळे एकाच वेळी बसायला हवेत, एक पान जरी रिकामं असलं तरी कोणी घास उचलायचा नाही, आणि तोवर सगळ्या घराला उपास. बायकांची मूठ नसते. आम्ही निवडायचं, दळायचं, मळायचं आणि शेवटी बसायचं. लेकीची तर नसतेच. ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, मग तिला रोट चालतच नाही.

सासूबाई आठ दिवस आधी गावाहून आल्या. मी चाचणीचं सांगितलं तर म्हणाल्या, "घरमा कानबाई शे नि पोर बाहेर कशी जाई?" मी चार दिवस गप्प राहिले. गप्प म्हणजे भांडी जरा जोरात घासत होते. पाचव्या दिवशी मला सुचलं. गहू काढून झाले होते, नावं पुकारून झाली होती. मी विचारलं, "आई, पोरीच्या नावाची मूठ टाकली का?"

"आंडेरनी मूठ ऱ्हास का कधी?" आंडेर म्हणजे लेक.

"मग जिची मूठच नाही तिच्यावाचून कोणाचं अडतंय? तुमच्या नेमानंच ती मोकळी आहे."

सासूबाईंनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. नेम त्यांचाच होता. "जाऊ दे मग," म्हणाल्या. सतरा वर्षं ज्या गोष्टीनं माझा जीव जळत होता, तीच त्या दिवशी पोरीच्या कामाला आली. मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी सगळ्यांना भजी करून घातली.

शनिवारी भाऊबंद जमले. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पोर बूट पिशवीत भरत होती. कोणीतरी विचारलं, ही कुठं निघाली, तर सासूबाईंनीच सांगितलं, जाऊ दे तिला, तिची काय मूठ नाही. तेवढ्यात आमचे हे, जे कुठल्याही बैठकीत तोंड उघडत नाहीत, ते भिंतीकडं बघत म्हणाले, "तिना नावनी मूठ मी टाकेल शे."

नावं पुकारत होते तेव्हा यांनी स्वतःची मूठ टाकली आणि हळूच दुसरी. पोर शर्यतीला चालली आहे, कानबाईचा आशीर्वाद असावा म्हणून. गहू दळून पीठ झालं होतं. आता त्यातून तिची मूठ वेगळी कशी काढणार?

मी त्यांना मागच्या ओट्यावर नेलं आणि बोल बोल बोलले. म्हटलं, सतरा वर्षं सुचलं नाही आणि सुचलं ते आत्ताच? आणि टाकली तर टाकली, गप्प बसायला काय झालं होतं? ते म्हणाले, "देवीशी खोटं कसं बोलू?" हात पुढं धरून उभे होते. नखांत हिरवा रंग, त्या आठवड्यात मिलमध्ये हिरवं कापड चालू असावं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

आत आले तर पोरगी पिशवी खांद्याला लावून उभी. घरात ती अहिराणी बोलत नाही, तिचं सगळं अर्धं मराठी अर्धं हिंदी. ती आजीला म्हणाली, "दादी, मी जाणार. पळून परत येणार, मग तुमच्या सोबत बसणार. दुपारपर्यंत वेट करा ना."

सासूबाईंनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. देवीकडं पाहिलं. "पोर ई तवय बठूत," म्हणाल्या. पोर येईल तेव्हा बसू. झालं. पस्तीस माणसं एका पोरीच्या चारशे मीटरसाठी उपाशी राहणार हे ठरलं.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही मायलेकी शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या क्रीडासंकुलात हजर. वाटेत रिक्षात मी तिला दोन केळी आणि शेंगदाणे-गूळ खायला घातलं. कानबाईला म्हटलं, काय रागवायचं ते माझ्यावर रागव, ही रिकाम्या पोटी पळणार नाही.

शर्यत नऊला होती. नऊला कळलं, खेळांची तयारी बघायला कोणी मोठे पाहुणे येणार आहेत, ते आल्याशिवाय सुरू करायचं नाही. मुलं उन्हात रांगेत. रात्री पाऊस झालेला, ट्रॅकवर पाणी साचलेलं, दोन माणसं स्पंजनं ते टिपत होती आणि चार माणसं त्यांच्याकडं बघत होती. दहाला खुर्च्या आल्या. अकराला खुर्च्यांवर पांढरी कापडं आली. मुलांना प्यायला पाणी नव्हतं, पण मंडपाच्या खांबांना फुलं लागली. मी एका साहेबाला विचारलं, अहो, ही पोरं सकाळपासून उभी आहेत, निदान सावलीत तरी बसवा. तो म्हणाला, "बेन, इंटरनॅशनल लेवल का काम है, थोडा टाइम लगेगा." मी म्हटलं, इंटरनॅशनलची पोरं पाणी पीत नाहीत का?

आणि फोन. साडेदहापासून दर दहा मिनिटांनी फोन. आधी यांचा. "व्हयनं का?" झालं का? मग मोठ्या दिरांचा. मग चुलत दिरांचा, ज्यांनी आजवर माझ्या पोरीला नाव घेऊन हाक मारलेली मला आठवत नाही. "वहिनी, कधी पळणार ती? लहान पोरं रडायला लागलीत." सहा वर्षं ही पोर पळत होती, शाळेची दोन कपाटं भरतील एवढी ढाल-प्रमाणपत्रं घेऊन आली, एकानं कधी विचारलं नव्हतं. आता पोटाशी गाठ आली तर सगळ्यांना चारशे मीटरला किती वेळ लागतो हे हवं होतं. एकानं तर विचारलं, दोनशेच पळली तर चालणार नाही का. मी फोन कापला.

पाहुणे पावणेदोनला आले. हात हलवला, फोटो झाले, वीस मिनिटांत गेले. अडीचला माझी पोर ओळीत उभी राहिली.

मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. पहिल्या वळणावर ती चौथी होती. समोरच्या बाजूला पाण्यातून छपछप आवाज येत होता. शेवटच्या वळणावर ती आपल्या पट्ट्यातून सुटली, जशी उसाच्या त्या रस्त्यावर खड्डे संपले की सुटायची तशी, आणि मी काय ओरडले ते मला आठवत नाही. दुसरी आली. दोघींना घेणार होते. तिनं गुडघ्यांवर हात ठेवून मान वर केली आणि मला विचारलं, "मम्मी, टाइम धरलास ना?" मी बटण दाबलंच नव्हतं.

फोन वाजला. सासूबाई होत्या, कोणाचा तरी मोबाइल हिसकावून घेतलेला. "कितवी उनी?"

"दुसरी. घेतलं तिला."

पलीकडं आवाज वाढला, भांडी वाजली. मला वाटलं आनंदानं, पण सासूबाई म्हणाल्या, "मंग लवकर ये, लोके मरी राहिनात."

साडेचारला पानं मांडली. पस्तीस माणसं भिंतीला टेकून बसली होती, कोणाच्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं. सासूबाईंनी पोरीला पुरुषांच्या पंगतीत बसवलं, मूठ होती म्हणून. ती मळक्या बुटांतले पाय धुऊन बसली. तिनं पहिला घास उचलला तेव्हा सगळ्यांनी उचलला. नंदुरबारच्या स्थळाचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

याला आता वर्ष झालं. पोर शिबिरात आहे, दुसऱ्या शहरात. आमच्या मैदानाचे पत्रे तसेच आहेत, वरच्या मुलींचे रंग उडाले, वॉचमन बदलला, उत्तर तेच. यंदा कानबाई पुन्हा आमच्याच घरी बसली, कारण ज्यांची पाळी होती त्यांच्या गल्लीत नव्या रस्त्यासाठी खोदून ठेवलंय. हेही खेळांसाठीच.

गहू काढायच्या दिवशी सासूबाईंनी पुरुषांची नावं पुकारली. शेवटचं नाव झालं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरना नावनी टाका आते."

मी ऐकत राहिले. अठरा वर्षांनी. धावत जाऊन पोरीला फोन लावला. मागं शिट्ट्यांचा आवाज होता. मी तिला मुठीचं सांगितलं.

"मम्मी, नको घालू माझी मूठ. मला सुट्टी नाही. सगळे उपाशी बसून राहतील ना."

मला भयंकर राग आला. म्हटलं, मोजत नव्हते तेव्हा मी जळून मेले, आता मोजायला निघाले तर तू म्हणतेस नको. ती म्हणाली, "मी काय करू?" आणि तिला कोणीतरी हाक मारली, फोन बंद झाला. खरंच, ती काय करणार?

आत आले. यांची दुसरी मूठ गव्हानं भरलेली, पोत्यावर धरलेली, माझी वाट बघत. या वर्षी नखं निळी होती. मी मान हलवली. त्यांनी मूठ उघडली आणि गहू परत पोत्यात पडले.

रविवारी सगळं वेळेवर झालं. कोणाची वाट बघायची नव्हती. बरोबर बारा वाजता मी पानं मांडली, वाढलं, सगळे पुरुष बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या, रस्त्याकडं तोंड करून.

"इतली घाई कसाले?" म्हणाल्या.