उगवतीकडचा खांब

खांब माझ्या अंगावर येत होता आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. बास्केटबॉलचा लोखंडी खांब, वर जाड फळी, फळीला कडी. सरांनी दोन शिट्ट्या फुंकल्या. मैदानावरच्या अकराही मुली चेंडू टाकून रेषेबाहेर पळाल्या. मी हलले नाही. शिट्टी मुलींसाठी असते, असं मी अठरा वर्षं धरून चालले होते.

मग सर पळत आले, माझ्या कमरेला हात घातला आणि मला उचलून फेकलं. मी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन पडले. फळी सरांच्या डाव्या पायावर पडली. ते ओरडले नाहीत. पडल्या जागेवरून त्यांनी आधी मुली मोजल्या.

"अकरा. आक्का, तुमी हाईसा न्हवं?"

"हाय. पण असं फेकत्यात व्हय माणसाला?"

माझं मनगट मोडलं होतं. त्यांचा पाय कसा झाला होता ते मी लिहीत नाही. तांब्या खांबाखाली सापडून भाकरीसारखा चपटा झाला.

मी कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात शिपाई होते. शिक्षण चौथी. घंटा द्यायची, पाणी भरायचं, मैदान झाडायचं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते तिथे पी.टी. शिकवायचे. मुली त्यांना शिट्टीसर म्हणत, कारण शिट्टी त्यांच्या गळ्यात नसलेली कुणी पाहिली नव्हती. मूळचे ते तालमीतले. दोन्ही कान कुस्तीत मोडून भज्यांसारखे झालेले. कुणीतरी शाळेला बास्केटबॉलचे दोन खांब देणगी दिले आणि हेडबाईंनी विचारलं, हे शिकवणार कोण? सर म्हणाले, "मी शिकवतो. पुस्तक द्या." तोपर्यंत त्यांनी हा खेळ पाहिलेला नव्हता.

त्यामुळे त्यांनी तो कुस्तीसारखाच शिकवला. पहिला महिनाभर मुलींना चेंडू दिला नाही, पडायला शिकवलं. जुन्या गाद्या टाकून पुढे पड, मागे पड, कुशीवर पड. एका आईने येऊन विचारलं, "सर, पोरी पडायलाच लागल्या तर खेळणार कवा?" सर म्हणाले, "उभं ऱ्हायला कुणीबी शिकतंय, वैनी. पडायला गुरू लागतो." त्यांच्या हाताखाली कुठल्या मुलीचं हाड मोडलं नाही, हे मात्र खरं. माझं मोडलं, पण मी गादीवर कधी पडले नव्हते.

शिट्टीचे दोनच नियम होते. एक वाजली की आहे तिथे थांबायचं, दोन वाजल्या की रेषेबाहेर. का, असं विचारायचं नाही. आधी बाहेर जायचं, मग विचारायचं. एकदा गडहिंग्लजला सामने होते. मीही पाण्याचे कॅन सांभाळायला गेले होते. एसटीत मुली झोपल्या होत्या. स्टँड आला तसं सरांनी दोन शिट्ट्या फुंकल्या आणि अकरा मुली डोळे मिटलेल्या अवस्थेतच खाली उतरल्या. त्यांच्याबरोबर एक अनोळखी पावणेही उतरले, त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. कंडक्टर सरांशी भांडला. सर म्हणाले, "चांगला माणूस हाय, लगेच ऐकतोय. त्याला शिव्या देऊ नका."

त्या सामन्यांत आमच्या मुली तिसऱ्या आल्या. संघ चार होते.

सध्या टीव्हीवर एक मालिका लागते, अशीच शाळेतल्या मुलींच्या बास्केटबॉलची. सून लावते, म्हणून मीही बघते. त्यातला कोच प्रत्येक सामन्याआधी भाषण करतो, मुली रडतात, तोही रडतो आणि शेवटच्या क्षणाला चेंडू कडीत पडतो. आमचे सर सामन्याआधी एवढंच विचारायचे, "लघवीला जाऊन आलासा का समद्या?" मी सुनेला सांगितलं, हा मालिकेतला कोच नवा आहे, याचा एकही सामना पोरींच्या लघवीपायी मधेच थांबलेला नाही.

आता खांबाचं सांगते. तालमीत आखाड्याची पूजा केल्याशिवाय कुस्ती लागत नाही. सर म्हणाले, इथे आखाडा नाही, मग खांबच देव. मैदानाला दोन खांब, त्यातला उगवतीकडचा त्यांनी निवडला. प्रत्येक सामन्याआधी त्याच्या बुडाशी नारळ फोडायचा, खंडेनवमीला हार, हळदकुंकू. नारळाचं पाणी तिथेच जिरायचं. हळदकुंकवाचा चिखल होऊ नये म्हणून मी रोज सकाळी तांब्याभर पाणी बुडावर ओतायची. देवाला पाणी घालणं आणि जागा साफ करणं, एका तांब्यात दोन कामं. बारा वर्षं ओतलं. पुढे बुडाशी गंज दिसायला लागला. देवाला गंज बरा दिसत नाही, म्हणून मी त्यावर शेंदूर फासला. शेंदूर चढत गेला, आत लोखंड कुजत गेलं. त्या सकाळी मुलींचा सराव चालू असताना मी पाणी ओतायला वाकले आणि बुडाशी काहीतरी कट्ट करून वाजलं. सरांनी तो आवाज मैदानाच्या मध्यावर ऐकला. मी तिथेच असून ऐकला नाही, असं म्हणणार होते. ऐकला होता. मला वाटलं, नारळाची करवंटी पायाखाली आली.

आठ दिवसांनी शाळेत पालकांची सभा झाली. कमिटीने खेळ बंद करायचं जवळजवळ ठरवलंच होतं. कुणाची तरी आई म्हणाली, "पोरगी लंगडी झाली असती तर तुमी सांभाळणार हुता?" सर प्लास्टर घातलेला पाय पुढच्या बाकावर ठेवून बसले होते. मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. आत जे ठरेल त्यावर त्यांचा खेळ होता, आणि सरांचंही दुसरं काही नव्हतं. तालीम त्यांनी शाळेतल्या मुलींसाठीच सोडली होती.

कॅप्टन वैष्णवीचे वडील कागलच्या एमआयडीसीत फिटर. ते सभेआधी पडलेला खांब बघून आले होते. म्हणाले, "वरचं लोखंड नव्यागत हाय. बूड तेवढं पाण्यानं खाल्लंय. रोज पाणी कोण घालत हुतं?"

"मी," सर म्हणाले. "नारळ माझे, पूजा माझी. मला काढा, पोरींचा खेळ काढू नका."

मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मनगटाला प्लास्टर, म्हणून एका हाताने. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. गप्प बसावं, असं माझ्या मनात आलं. मग ट्रे खाली ठेवला.

"सर खोटं बोलत्यात. पाणी मी घालत हुते. गंज दिसला तवा शेंदूर बी मीच लावला. त्यास्नी दिसला असता तर त्यांनी विचारलं असतं. मी झाकला."

हेडबाईंनी कपाळाला हात लावला. वैष्णवीच्या वडिलांनी विचारलं, "आणि मावळतीच्या खांबाला?"

"त्याला कोण पूजत न्हाई."

"म्हणून तो हुभा हाय."

सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्यानंतर कुणाला नीट चिडता येईना. वैष्णवीचे वडील म्हणाले, नवा खांब मी बसवतो, बुडाला काँक्रीट घालतो, माझी पोरगी खेळणार. मग बाकीचेही म्हणाले. खेळ राहिला. मला मेमो मिळाला. तो मी सरांकडे वाचायला दिला, तर म्हणाले, "चौथी शिकलाईसा की, वाचा तुमीच." वाचला. बरोबर लिहिला होता.

नंतर सरांचा पाय दोन बोटं आखूड राहिला. निवृत्त होईपर्यंत ते खुर्चीत बसून शिकवत. नारळ फाटकाबाहेरच्या दगडावर फोडायचे, आणि मला मैदानात तांब्या आणायची बंदी केली. मी कधी माफी मागितली नाही, त्यांनीही वाट बघितली नाही. निरोपाच्या दिवशी एकच बोलले, "आक्का, फाऊल तुमचा हुता. पण मोठ्यानं सांगितलासा, म्हणून सोडला." आणि लंगडत रिक्षात बसले.

गेल्या पौषात सर गेले. साखर वाढली होती, त्या आखूड पायाला झालेली जखम भरली नाही. वैष्णवी आता एका शाळेत पी.टी. शिकवते. सरांच्या घरी ती आली होती, बाकीच्याही आल्या. मी त्यांना दारातच मोजलं.

त्या सकाळी दोन शिट्ट्यांवर अकरा मुली रेषेबाहेर गेल्या होत्या. अकराही आहेत. न गेलेली बारावी मी. मीही आहे.