रखवालदाराच्या घरचा वाटा

मुलीच्या शाळेत इतिहासाचा प्रकल्प निघाला आणि माझी झोप उडाली. त्याला कारण माझीच जीभ. विषय होता मध्ययुगातल्या इंग्लंडच्या राजांची शिकारीची राखीव रानं. मुलगी तेरा वर्षांची, जन्म कुवेतचा. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमच्या घरात चालतं. मी डायलिसिसला नर्स. दिवसभर उभी राहून आल्यावर राजेरजवाडे ऐकायला कुणाच्या अंगात त्राण असतं? पण ती जेवताना सांगत सुटायची. राजाने एकदा हद्द आखली की आत शेतं असोत, गावं असोत, ते राजाचं रान. झाडं असलीच पाहिजेत असंही नाही. हरणाने पीक खाल्लं तरी त्याला हात लावायचा नाही. हद्दीत कुत्रा पाळायचा तर त्याच्या पुढच्या पायाची नखं छाटायची, म्हणजे त्याला हरणामागे धावता येऊ नये.

"आणि शेवटी मी आपल्या घरचं सांगणार," ती म्हणाली. "माझे पणजोबा राजाचे शिकारी होते ना!"

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

ही थाप मी दोन वर्षांपूर्वी मारली होती. तिच्या वर्गातल्या एका कुवेती मुलीच्या वाढदिवसाला गेलो होतो. त्या मुलीच्या वडिलांना ससाण्यांचा भारी शौक. दिवाणखान्यात गालिच्यावर पक्ष्याला बसायचा दांडा ठेवलेला आणि त्यावर डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला ससाणा, पाहुण्यांपेक्षा ऐटीत.  परतताना गाडीत मुलगी म्हणाली, आपल्याकडे असं काहीच कसं नाही? आता हे ऐकून घेणाऱ्यातली मी नव्हे. दिलं ठोकून, "तुझे पणजोबा संस्थानच्या राजाचे खास शिकारी होते, बाई." तिचा चेहरा असा उजळला की पुढे थाप मागे घेणं जमलंच नाही.

खरी गोष्ट वेगळी होती. कोकणात आमची वाडी संस्थानच्या राखीव रानाला लागून. रानातली डुकरं भातात उतरायची, पण ती राजाची. त्यांना मारायचा हक्क राजाचा आणि त्याच्या पाहुण्यांचा. एका वर्षी उभं शेत नासलं तेव्हा माझ्या आजोबांचं डोकं फिरलं आणि त्यांनी एक डुक्कर पाडलं. एवढ्यावर भागलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण आमच्याकडे शिकार झाली की वाडीतल्या प्रत्येक घरी वाटा जातो. एखादं घर वगळलं तर त्या घराशी वाकडं आहे, असाच अर्थ. रानाचा रखवालदार वाडीतच राहायचा. आजोबांनी केळीच्या पानात बांधून त्याच्याही घरी वाटा पाठवला.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. सहा महिने तुरुंग, बंदूक जप्त, रानाकडेचं शेत गेलं. माझे वडील आयुष्यभर म्हणायचे, आमचा बाप म्हणजे अकलेचा कांदा. तुरुंगाचं नाव मात्र घराबाहेर काढायचं नाही, अशी सक्त ताकीद.

आणि आता येत्या गुरुवारी, शाळेत प्रकल्प मांडताना, माझी मुलगी पालकांनी भरलेल्या हॉलमध्ये, त्या ससाणेवाल्या बापासमोर, माझी थाप छातीठोकपणे सांगणार होती. आठवडाभर मला धड बसवेना. ड्यूटीवर एकाच पेशंटचा रक्तदाब दोनदा घेतला आणि दोन्हीदा आकडा विसरले. घरी आले की हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये. नवरा वैतागून म्हणाला, "एक तर सांगून टाक, नाहीतर खाली बस. फरशी झिजेल."

बुधवारी दुपारी प्रकल्पासाठी मोठा बोर्ड आणायला आम्ही दोघी राई नावाच्या बाजारभागात गेलो. बोर्ड मागच्या सीटवर ठेवला, एसी लावला, पण गाडी बाहेर काढली नाही. तिथेच, त्या गोदामांच्या मधल्या पार्किंगमध्ये, सगळं सांगून टाकलं.  ती चक्क मराठीत म्हणाली, "खोटं का बोललीस?"

"तुला कमीपणा वाटू नये म्हणून."

"मला, की तुला?"

मी गिअर टाकला आणि गाडी बाहेर काढली. 

गुरुवारी सकाळी हॉल भरलेला होता. ससाणेवाले गृहस्थ खरंच ससाणा मनगटावर घेऊन आले होते, पोरं नुसती त्याच्याकडे बघत होती.  मुलीने राजाची हद्द सांगितली, कुत्र्यांची नखं सांगितली. मग पणजोबा आले. डुक्कर, वाटा, तुरुंग, शेत, काही म्हणजे काही वगळलं नाही. शेवटी शांतपणे म्हणाली, "हे मला आईने काल सांगितलं. त्याआधी ती वेगळं सांगायची."

माना वळल्या. मला कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज वाटली, आणि रागही आला तिचा, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात त्या गृहस्थांनी हात वर केला. त्यांनी विचारलं, रखवालदाराने ते मांस परत पाठवलं का?

मुलीला ते ठाऊक नव्हतं. मी उठून उभी राहिले. माझं इंग्रजी वॉर्डपुरतं, पण बोलले. "नाही. त्याने आधी ते खाल्लं. घरच्या सगळ्यांनी खाल्लं. मग दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला आणि वर्दी दिली. नोकरी होती त्याची."

गृहस्थ खळखळून हसले, मग अख्खा हॉल हसला. मुलगी हसली नाही. ती स्टेजवरून माझ्याकडे निरखून बघत होती, हे तरी खरं आहे का, असं. मी मान हलवली. तरीही ती बघतच राहिली.