पंचफुलाबाईचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून माझी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपत नाही! तुम्हाला सांगतोय. का? सांगावंसं वाटलं, बस.

मी अकोल्यातला कातडीचा डॉक्टर. जठारपेठेत दवाखाना. नाव आहे माझं, आणि ते मला आवडतं – का आवडू नये? त्यातही ज्या एका निदानानं हे नाव झालं, ते शंभर टक्के बरोबर होतं. त्यावर कुणी बोट ठेवून दाखवावं.

तीन महिन्यांचं लेकरू. आई अंजनगाव सुर्जीला दिलेली, बाळंतपणाला अकोल्यात माहेरी आलेली. बाळाच्या पाठीवर, मांड्यांवर नारिंगी-तपकिरी डाग, मध्येमध्ये पाण्याचे फोड. बाहेर पेशंटची ही गर्दी. मी दोन मिनिटं पाहिलं अन् विचारलं, आंघोळ कोण घालतं? गल्लीतली मालीशवाली पंचफुलाबाई, म्हणाले. तेल-बेसन लावून रगडून मालीश, मग कढत पाणी. मी म्हणालो, भाजलंय.

झालं. त्याच दिवशी त्या घरानं तिला काढलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दवाखान्यात आली. गल्लीतल्या अर्ध्या पोरांना तिनंच न्हाऊ घातलेलं, ती का ऐकून घेते! म्हणाली, "सायेब, पानी मी कोपरानं पाहून टाकते. हात जोरानं फिरते तिथंच कातडं फुगते. बाकी आंगावर तेच पानी पडते, मंग तिथं काहून नाई फुगत?"

मी काय केलं? हसलो. आणि बाहेरचा रस्ता दाखवला.

पंधरा दिवसांनी बाळ परत. मालीश बंद, आई साध्या पाण्यानं नुसतं पुसून घेत होती – तरी नवे फोड. कुठे? लंगोटाची नाडी घासते तिथे. फक्त तिथे. तिचा प्रश्न माझ्या कानात वाजला, खोटं कशाला बोलू. मी ड्रॉवरमधून डर्मोस्कोप काढला – कातडी मोठी करून दाखवणारी हातातली दुर्बीण, तिला स्वतःचा दिवा असतो – आणि एका डागावर टेकवला.

अहाहा! पिवळसर नारिंगी रंग, आणि त्यात तपकिरी बारीक जाळी. भाजलेलं कातडं असं दिसतच नाही. पेनाच्या मागच्या टोकानं एकच छोटा डाग हलकेच चोळला. काही मिनिटांत तो लालबुंद फुगला. मी खुर्चीतून उठलोच! मॅस्टोसायटोसिस. कातडीत एका जातीच्या पेशी जास्त भरतात. घासलं, ऊन लागलं, की त्या आतली रसायनं सोडतात अन् कातडं फुगतं. त्यातही असे पाण्याचे फोड येणारा, क्वचितच दिसणारा प्रकार. तसंच रगडत राहिले असते तर एखाद्या दिवशी लेकरू गार पडलं असतं. कातडीचा बारीक तुकडा तपासायला नागपूरला पाठवला, रिपोर्ट तोच. औषध सुरू केलं, काय टाळायचं ते लिहून दिलं. आज ती पोरगी शाळेत जाते, डाग जवळपास गेले. जिंकलो होतो मी! अमरावतीला डॉक्टरांच्या सभेत मी ते फोटो दाखवले तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्या आठवल्या की आजही छाती फुगते.

पण – हां, आता येतो तिथे.

रिपोर्ट आल्यावर बाळाच्या आईनं सरळ विचारलं, मग पंचफुलाबाईनं भाजलं नव्हतं? सरळ प्रश्न. हो नाहीतर नाही. मी म्हणालो, "तिच्या हातानंच वाढलं. बंद केलंत ते बरं केलं." अर्धं खरं होतं, म्हणून तर सफाईनं बोललो. वर हेही म्हणालो, मला पहिल्या दिवशीच शंका होती. आणि सभेत? सभेत म्हणालो, दुर्बिणीनं सांगितलं.

गल्लीतली घरं एकेक करून तिला बंद झाली. लेकरू भाजणारी बाई. ती मंगल कार्यालयात भांडी घासायला लागली. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

गेल्या वर्षी माझी लेक बाळंत झाली. बायको मालीशवाली शोधत होती. मी म्हणालो, पंचफुलाबाईला बोलवा. माझ्या नातीला दुसरा हात नको होता मला – बघा, केवढा विश्वास!

ती आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "सायेब, तुमीच म्हनलं ना, म्या लेकरू भाजलं? मंग तुमच्या नातीले माह्या हाती काहून देता?"

बायको माझ्याकडे बघत होती. लेकही. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जुनं झालं ते, बाई. पाणी तापलंय, या."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि ती ताठ मानेनं परत गेली. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "मिजास पाहा तिची."

तिनं ते लेकरू भाजलं नव्हतं. आजाराची खूण तिनं पकडली, दवाखान्यात येऊन मला तोंडावर सांगितली, आणि ती बरोबर होती. टाळ्या तिच्या होत्या. त्या मी घेतल्या.