राजमणीअक्काची वाटी

दुपारी दोनच्या सुमाराला राजमणीअक्का मोबाइल पदराने पुसायची, चष्मा नाकावर नीट बसवायची आणि म्हणायची, "बघू गं, आज कुणाच्या घरची वाटी आली." एवढं कानावर पडलं की आम्ही अकरा बायका सूप मांडीवर ओढून घ्यायचो आणि बोलणं थांबवायचो. मग पानं कापणाऱ्या कातरींचा तेवढा आवाज राहायचा.

सोलापूरजवळ कुंभारीच्या आमच्या घरकुलांत बहुतेक घरी विड्या वळतात. अक्का आमच्यात उशिरा आली. ती तेलुगू घरातली. सोलापुरात एका छापखान्यात तिने वीस वर्षं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवल्या होत्या. छापखाना बंद पडला, नवरा आधीच गेलेला, म्हणून ती विड्यांना बसली. पण तिचा हात त्यात नव्हता. एक विडी जाडी, दुसरी बारीक, तिसरीचं तोंड उघडं.

"अक्का, ही विडी हाय का पुंगी?" मालन विचारायची. मालन माझ्या भिंतीपलीकडची, तोंडाने फटकळ.

"पुंगीच हाय. वाजीव की," अक्का म्हणायची.

शेवटी मालननेच तोडगा काढला. "अक्का, तू नुसतं वाच. तुझ्या वाटच्या विड्या आमी वळतो." तेव्हापासून प्रत्येकजण उठताना मूठभर विड्या अक्काच्या सुपात टाकायची. आणि अक्का आम्हाला वाचून दाखवायची.

ती काय वाचायची, ते सांगायला हवं. लोक स्वतःच्या मनातलं इंटरनेटवर लिहितात, त्याला ब्लॉग म्हणतात. कुणी रोज लिहितं, कुणी सहा महिन्यांनी एकदा. रोज प्रत्येकाच्या पानावर जाऊन बघत कोण बसणार? अक्काच्या मोबाइलमध्ये फीड म्हणून एक सोय होती. आवडलेल्या ब्लॉगचं नाव एकदा त्यात घातलं, की त्याने नवं काही लिहिलं की ते आपोआप इथे येऊन पडायचं. छापखान्याच्या मालकाने पत्रिकांचे नवे नमुने बघायला तिला ते शिकवलं होतं. नमुने गेले, फीड राहिलं.

मी एकदा हळूच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "शेजारणीनं नवं काय केलं की वाटीभर आपल्या दारात येतं का न्हाय? तसंच हे. आपन कुटं हिंडायचं न्हाय. आन कोन खातंय ते कुनाला कळतबी न्हाय."

ते शेवटचं मला फार आवडलं. मी चौथी शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. कुणाला न दिसता त्याच्या घरातलं ऐकायला मिळतं, यापेक्षा मला काय हवं होतं?

सगळ्यांची आवडती होती करमाळ्याकडची एक बाई. तिने ब्लॉगला 'गोठ्याकडची खिडकी' असं नाव दिलं होतं. माझं माहेर त्याच बाजूचं, म्हणून मला ती जवळची वाटायची. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल ते लिहायची. तिची सुंद्री म्हैस, अबोल सासरे, शेजारणीची कोंबडी. सुंद्री गाभण होती तेव्हा मालन रोज विचारायची, "व्याली का न्हाय अजून?" अक्का म्हणायची, "तुज्या घाईनं व्याती व्हय ती?"

जे ऐकलं ते घरी जाऊन मी मुलीच्या जुन्या वहीत उरलेल्या पानांवर लिहून ठेवायची. पुन्हा वाच म्हणून सांगायची मला लाज वाटायची, म्हणून. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका दुपारी अक्का 'खिडकी' वाचता वाचता थांबली. चष्मा काढून पुन्हा लावला आणि सावकाश वाचलं. त्या बाईने लिहिलं होतं, "माझ्या पानावर किती जण आले, त्याचा आकडा मला दिसतो. महिनाभर तो शून्य आहे. भिंतीशी बोलायला ब्लॉग कशाला हवा? येत्या रविवारी ही खिडकी बंद करते."

मालनचा हात पानावर थांबला. "शून्य? मग आमी कोन हाय?"

अक्काने मोबाइल सुपात ठेवला. चूक झाली असं म्हणणारी बाई नव्हती ती. पत्रिकेत चूक निघाली तर "मजकूर देनाऱ्यानं वाचायचं न्हवतं का?" म्हणून भांडणारी. त्या दिवशी मात्र म्हणाली, "चूक माजी हाय. आपन तिच्या दारात कदी गेलोच न्हाय. वाटी हितं येती, हितंच खातो. तिच्या आकड्यात आपन कुटं येनार?" मग एकेकीकडे बघत म्हणाली, "शेजारणीची वाटी रिकामी परत देत न्हाईत. चिमूटभर साखर तरी घालतो. आपन दोन वर्सं खाल्लं, आन वाटीच परत दिली न्हाय."

"मग लिव की तिला," कुणीतरी म्हणालं.

"मी न्हाय. सुमन लिवनार."

मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. "मला न्हाय येत, अक्का."

"तुज्या बोटाला तंबाकूच्या शेजारी शाई असती रोज. मी इतकी वर्सं छापखान्यात काडली, मला शाई कळत न्हाय व्हय?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी सूप उचललं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. पण शनिवारी राहवेना. रविवारनंतर ती खिडकी मिटली असती, आणि मला येत असून मी गप्प राहिले असते. वहीत लिहून नेलं आणि अक्काच्या हातात दिलं. तिने ते सगळ्यांसमोर वाचलं.

"ताई, मी कुंभारीला विड्या वळते. आमच्यातली एक जण वाचते आणि आम्ही अकरा जणी ऐकतो. सुंद्री व्याली त्या दिवशी आम्ही कामं टाकली आणि मालनने गूळ वाटला. तुमचे सासरे म्हशीशी बोलतात आणि तुमच्याशी बोलत नाहीत, हे ऐकून तिघी रडल्या. त्यांच्या घरी तर म्हैसही नाही. तुमच्या आकड्यात आम्ही दिसत नाही, पण आम्ही आहोत."

अक्काने ते मोबाइलवर 'खिडकी'च्या पानाखाली जसंच्या तसं उतरवलं. मी म्हटलं, "चुका असतील, नीट कर की." ती म्हणाली, "पत्रिकेतलं नीट करते मी. बोलन्यातलं न्हाय." मग मोबाइल माझ्या सुपावर ठेवला. "पाटवायचं बटन तूच दाब." मी दाबलं. काचेवर तंबाखूचा डाग उमटला. पदराने रोज मोबाइल पुसणारी अक्का त्या दिवशी तो डाग पुसायला गेली नाही.

रविवारी काही आलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. अक्का दुसऱ्यांचं वाचायची, पण कुणाचं लक्ष नसायचं. मालन म्हणाली, "पोचलंच नसंल." मला वाटायचं, माझं लिहिणं बघूनच तिने खिडकी लावून घेतली असेल.

बुधवारी अक्काने मोबाइल पुसला, बघितलं, आणि न वाचता माझ्या हातात दिला. "ही तुजी वाटी. तू वाच."

मी अक्षरांवर बोट ठेवून, अडखळत वाचलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्या बाईने लिहिलं होतं, "अकरा जणींनो, चार दिवस मला काय लिहावं सुचलं नाही. सासऱ्यांना तुमचं वाचून दाखवलं. ते माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, त्या बायकांना सांग, सुंद्रीचं रेडकू आता वैरण खातं." खाली लिहिलं होतं, खिडकी उघडी आहे.

मालनने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "म्हातारा बोलला एकदाचा!"

त्या दिवसापासून आम्ही फीडमध्ये वाचून झालं की ज्याचं वाचलं त्याच्या पानावर जायचो आणि एक ओळ ठेवून यायचो. अक्का त्याला "साखर घालनं" म्हणायची. ती ओळ प्रत्येक वेळी एकेकीने सांगायची. नुसतं छान म्हणून चालायचं नाही. "काय छान, ते सांग," असा तिचा हट्ट.

पुढे अक्काचे गुडघे गेले. भिवंडीहून तिची मुलगी न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी अक्काने तिची सगळी यादी माझ्या मोबाइलमध्ये घातली आणि संध्याकाळी स्टीलच्या वाटीत चिंचेचा भात पाठवला. त्या वाटीत काय घालून परत द्यावं, ते मला ठरवता येईना. गूळ फार थोडा होईल असं वाटलं, शेंगाचटणी तर रोजचीच. सकाळी रिक्षा आली तेव्हा मी दाराआड उभी होते. बाहेर येऊन चार शब्दसुद्धा बोलले नाही. रिक्षातून अक्काच ओरडली, "सुमे, दोनला बस गं, बायका वाट बघतील!"

वर्ष झालं नाही तोच ती गेल्याचा फोन आला.

दोनला मी बसते. अजून बोट ठेवूनच वाचते. माझ्या सुपात बायका मूठमूठ विड्या टाकतात. ती वाटी माझ्याच फळीवर आहे. हे कागद लिहून झाले की घडी करून त्यात ठेवणार आहे. काय घालावं ते मला आता सुचलं, अक्का. उशीर झाला, पण रिकामी ठेवली नाही.